लॅपटॉपची घरघर

काचबिंदूने सासूबाईंची नजर जवळजवळ गेली, तेव्हा मी ऑफिस सोडलं आणि घरून काम घेतलं. एका शिकवणीवर्गाचे व्हिडिओ कापून, जोडून द्यायचे. त्यासाठी नवा लॅपटॉप घेतला. लालबागच्या चाळीतली आमची खोली. पुढे सासूबाईंची कॉट, मागे स्वयंपाकघर. ओट्याशेजारी त्यांचं बंद पडलेलं शिलाई मशीन होतं, त्याच्या फळीवर लॅपटॉप ठेवून मी कामाला बसायला लागले.

पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपची घरघर सुरू झाली. व्हिडिओ तयार व्हायला लावला की आतला पंखा भणभणायचा आणि मनगटाखाली इतकं तापायचं की मी फडक्याची घडी ठेवून टाइप करायचे. आधी वाटलं, उन्हाळा आहे. मग खाली डबे लावून तो उंच केला. मग टेबलफॅन त्याच्यावर सोडला, म्हणजे आता दोन पंख्यांचा आवाज. नवरा शिफ्टवरून येऊन म्हणायचा, "कुठे आवाज? मला तर नाही येत." आणि तो घोरायला लागायचा. माझ्या डोक्यात मात्र भांडी घासतानासुद्धा घरघर चालूच.

शेवटी शेजारच्या काकूंना सासूबाईंजवळ बसवून दादरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या एसीत लॅपटॉप गपगार. काउंटरवरच्या मुलीने तो उघडला, कान लावला, हसली.

"मॅडम, काहीच प्रॉब्लेम नाहीये. हेवी काम केलं की फॅन वाजणारच. नॉर्मल आहे."

"अहो, पण दिवसभर?"

"मॉडेलच तसं आहे, मॅडम."

भांडायचं त्राण नव्हतं. तसाच उचलून परत आणला.

मग कुठेतरी वाचलं की सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचा वेग थोडा खाली आणता येतो. आणला. काम रेंगाळायला लागलं, पण आवाज थांबला. इतकी शांतता की खालच्या मसाल्याच्या दुकानातलं बोलणं ऐकू यायला लागलं. मी कानाला हेडफोन लावले आणि कितीतरी दिवसांनी मन लावून काम केलं.

थोड्या वेळाने खांद्यावर हात पडला. दचकून वळले तर सासूबाई. भिंत धरत, कपाट चाचपत कॉटपासून एकट्या आल्या होत्या. वाटेतला पाट पायाने लोटलेला दिसत होता.

"किती हाका मारल्यो गो तुका! माका वाटला, तू खंय गेलंस."

"आई, मी इथेच होते. पडला असतात म्हणजे?"

"तुझा ता घरघरणारा मशीन बंद केलंस मां. आवाज येना नाय."

मी त्यांना कॉटवर नेऊन बसवलं, पाणी दिलं. इतके महिने मी समजत होते की त्या बिचाऱ्या मुकाट्याने सहन करतायत. विचारलं, "तुम्हाला त्रास नाही व्हायचा त्याचा?"

"त्रास कसलो? आवाज येता तवसर कळता, तू घरात आसस." त्या आडव्या झाल्या. हात मात्र सोडला नाही.

मला चिडावं की रडावं कळेना. खरं म्हणजे दोन्हीची ताकद नव्हती. तो दिवस दर थोड्या वेळाने "गो, आसस मां?" आणि "आहे, आई" यात गेला. एकही व्हिडिओ धड झाला नाही. संध्याकाळी शिकवणीवर्गाचा फोन आला, काम कुठे अडलंय म्हणून. त्यांना काय सांगणार?

दुसऱ्या सकाळी चहा घेता घेता मी सेटिंग पुन्हा होतं तसं केलं. घरघर सुरू झाली. सासूबाईंनी कूस बदलली आणि त्यांचा डोळा लागला.

आता मी कानात कापूस घालून बसते. एकाच कानात. त्यांनी हाक मारली तर ऐकू यायला हवी.