पेंटरांनी बसवलेले डोळे

फोटो हातात आला की पेंटर त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एक जुने व्हिजिटिंग कार्ड ठेवत. नाक, ओठ, हनुवटी झाकली जाई. उरत फक्त डोळे. "आता सांगा, हाच मानूस ना?" समोरचा हो म्हणाला तरी ते आणखी दोनदा विचारत. मगच फोटो स्कॅनरवर जाई.

पाथर्डीच्या बसस्थानकाजवळ फ्लेक्सचे एक दुकान होते, तिथे ते कामाला होते. त्याआधी त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या होत्या. त्यामुळे संगणकापुढे बसल्यावरही गाव त्यांना पेंटरच म्हणत राहिले. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. बातमीसोबतचे फोटो त्यांच्याकडून घेई, म्हणून जवळजवळ रोज भेट होई.

संगणक ते पन्नाशी उलटल्यावर शिकले. क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसत आणि कीबोर्डवरचे शॉर्टकट वहीत रंगीत अक्षरांत रेखाटून घेत. शिकवणारी मुलगी त्यांची लेक शोभावी एवढ्या वयाची होती. ते तिला "मॅडम" म्हणत आणि ती आली की उभे राहत. माऊसबद्दल त्यांचे मत पक्के होते. "कुंचलाच हाय. फक्त धुवावा लागत न्हाई."

वाढदिवसाचे फलक तुम्हीही पाहिले असतील. मधे नेता, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा. कुणाचे मुंडके किती मोठे, यावरून दुकानात भांडणे होत. एका पुढाऱ्याने पक्ष बदलला, तेव्हा त्याचा कार्यकर्ता धावत आला, "पेंटर, नवा फोटो काढायला वेळ न्हाई, कसं करायचं?" पेंटरांनी जुन्याच फोटोतल्या उपरण्याचा रंग बदलला. हसू, नमस्कार, अंगठ्या, सगळे तेच. "झालं. मानूस तोच हाय, त्याला काय करायचं?" कार्यकर्ता न हसता पेनड्राईव्ह घेऊन गेला.

पण त्यांचे खरे काम श्रद्धांजलीचे. लग्नाच्या गर्दीतून माणूस कापून काढायचा, मिटलेले डोळे उघडायचे, डोक्यावर फेटा चढवायचा. दहाव्याच्या आत फोटो तयार पाहिजे असे.

एकदा पूर्वेकडच्या एका गावची, नुकतेच लग्न झालेली मुलगी आली. तिची आई ऊसतोडीला गेली होती, तिकडेच तापाने वारली. घरात फोटो नव्हता. आधार कार्डाची झेरॉक्स होती, तिच्यावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. पेंटरांनी कार्ड ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्यांनी तिला दोन दिवस शेजारी बसवून घेतले. "नाक तुझ्यावानी?" "न्हाई, मावशीवानी." मावशीचा फोटो मागवला. कपाळ मुलीचेच घेतले. हनुवटीवर तीन ठिपक्यांचे गोंदण काढले. डोळे मात्र जमेनात. ते बसवत, ती मान हलवी. वर्षातले सहा महिने आईबाप तोडीवर आणि ही आजीकडे. आठवायला तिच्याकडे निम्मीच वर्षे होती.

तिसऱ्या दिवशी मी तिथे होतो. पेंटरांनी पडद्यावर नवे डोळे बसवले आणि खुर्ची मागे घेतली. मुलगी पाहत राहिली. मग तिने पदर डोक्यावर ओढला आणि "आई," म्हणून टेबलावर डोके टेकले.

दीड वर्षानंतर ती फ्रेम घेऊन परत आली. एका मुकादमाच्या जुन्या मोबाईलमध्ये तिच्या आईचा फोटो सापडला होता. उसाच्या ट्रॅक्टरजवळ उभी, समोर बघणारी बाई. डोळे बारीक, खोल गेलेले.

"काका, हा आईचा खरा फोटू," ती म्हणाली. "पन ही मला परकी वाटाय लागलीय. डोळं मिटलं की फ्रेममधलीच येती."

पेंटरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

"बाई, तुझ्यापासून लपवलं मी. ते डोळं आमच्या मंडळींचं हायत. वारल्या त्या. तुला कुठलंच पटंना, म्हनून लावलं."

"मग मी आईचं रडले का दुसरीचं?"

"रडनं तुझं खरं हाय. खोटं माझं काम." त्यांनी फाईल उघडली. "दे तो मोबाईल. बदलून देतो."

कर्सर त्या डोळ्यांवर जाऊन थांबला. मुलगीच म्हणाली, "राहू द्या काका. आता त्यांना बी कुठं घालवायचं?" तिने फ्रेम पिशवीत घातली, खऱ्या फोटोची एक प्रत करून घेतली आणि गेली.

मी त्यांना विचारले, हे डोळे आणखी कुठे लावलेत का? "न्हाई. एकदाच." मी ते तपासले नाही. पण त्यानंतर चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर बायकांचे डोळे बघायची मला सवय लागली. ती अजून आहे.

त्या दिवसापासून पेंटरांनी चेहरे करणे सोडले. पुढे मालकाने मोबाईलवर एक नवे ॲप आणले. मेलेल्या माणसाचा फोटो दिला की तो पापण्या हलवी, हसे. लोक कौतुकाने बघत. मालक म्हणाला, "पेंटर, हे शिकून घ्या." पेंटर उठले आणि चप्पल घालू लागले. "हलवू नगा त्यांना. मग घरातनं जात न्हाईत त्या." दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मूलबाळ नव्हते. बातमी मी दिली.

भाद्रपदात ती मुलगी मला शोधत आली. तिच्या घरी आता दोन्ही फोटो भिंतीवर होते. सवाष्ण गेलेल्या बायकांचे पान अविधवा नवमीला वाढतात, तसे ती आईचे वाढणार होती. शेजारी दुसरे पानही, ते डोळे ज्यांचे होते त्यांचे, वाढायचे तिने ठरवले होते.

"काकींचं नाव काय हुतं? तुमच्या पेपरात असंल."

ते तर कायम "आमच्या मंडळी" म्हणत. गल्लीत त्यांच्या पत्नीला सगळे पेंटरवहिनी म्हणायचे. मी कात्रणांची जुनी फाईल काढली. बातमी सापडली, माझीच. मथळा होता, 'पत्नीशोक'. खाली तीन ओळी. पेंटरांचे पूर्ण नाव, त्यांचा व्यवसाय, अल्पशा आजाराने त्यांच्या पत्नीचे निधन, दुपारी अंत्यसंस्कार. तिचे नाव मी लिहिले नव्हते.

मी कात्रण तिच्यापुढे सरकवले. तिने दोनदा वाचले.

"नुसतं काकी म्हनून वाढलं," तिने विचारले, "तर पोचंल का वो त्यांना?"