परबांची बिननावाची फ्रेम

आमच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं की आधी सायकलची फ्रेम लागायची आणि मग परबांचं दार. नुसती फ्रेम. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. येणारा-जाणारा तिला ठेचकाळायचा आणि वर तिलाच शिव्या घालायचा. मी समोरच राहते, त्यामुळे त्या शिव्या मला पाठ आहेत.

दशरथ परबांना अर्धांगाचा झटका आला तो गेल्या गणपतीआधी. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला एकच शब्द, 'नाय'. जेवणार का विचारलं तर नाय, आणि मुकाट जेवायचे. त्यांची खाट खिडकीशी आहे. खिडकीला जाळी, आणि जाळीपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत. घाटकोपरची आमची बैठी चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, काय ती हौस. चाळीत परब दाराबाहेर बसले असते तर दिवसाला चार माणसं तरी बोलून गेली असती. इथे अकराव्या मजल्यावर चढवलेला माणूस वरच राहतो. त्यांच्याबरोबर रुक्मिणीवहिनीही वरच राहिल्या. नवऱ्याला एकटं टाकता येत नाही, म्हणून त्यांची भाजीसुद्धा मी आणते.

परब मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते. गिरणीचं दार बंद झालं तेव्हा परब साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात हॉस्पिटलच्या खाटा जोडत होते. नळ्यांचा जोड वेल्डिंगने भरायचा आणि मग कानशीने तो इतका साफ करायचा की बोट फिरवलं तर कळता कामा नये, हे त्यांचं काम. नळीवर ओरखडा, शिक्का, खूण काहीही दिसलं की हॉस्पिटलवाले माल परत करायचे. मरोळला राहणारा कुणी परदेशी इंजिनीअर मायदेशी जाताना वर्कशॉपात एक रेसची सायकल टाकून गेला, ती परबांनी घेतली. तिच्यावर बसून ते ठाण्याला, कसाऱ्याला, एकदा तर थेट नाशकापर्यंत जाऊन आले. रविवारी पहाटे निघायचे आणि दुपारी परत आले की चाळभर ऐटीत फिरायचे. मी तेव्हा नवी सून. मला त्यांचा हेवा वाटायचा, आजही ते सांगायला लाज नाही.

त्या सायकलवर त्यांनी माया केली तीसुद्धा आपल्या धंद्यातलीच. तळाला कोरलेली अक्षरं त्यांना खोड वाटली, ती कानशीने घासून काढली. स्टिकर खरवडले. दसऱ्याला वर्कशॉपातली मशिनं रंगवायची पद्धत होती, उरलेला करडा रंग दर वर्षी सायकलला लागायचा. त्यामुळे ती कुठल्या कंपनीची हे पुढे कुणालाच सांगता येईना.

आता सोसायटीची नोटीस आली की मजल्यावरची वाट मोकळी करा. परबांचा मुलगा निलेश मालाडला राहतो. तो आला आणि बापाच्या खाटेशेजारी उभा राहूनच सगळं ठरवू लागला.

"अंधेरीत एक कॅफेवाला आहे. त्याला भिंतीवर लावायला जुनी रेसिंग फ्रेम हवी आहे. पण कंपनीचं नाव पाहिजे म्हणतो. नाव निघालं तर त्याला देऊन टाकू."

"आणि नाय निघाला तर?" वहिनींनी विचारलं.

"मग भंगारवाला. घरात ठेवायला जागा कुठे आहे आई?"

जागा खरंच नव्हती. पण परब ऐकत होते आणि हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. नाव निघालं तरी ती जाणार, नाही निघालं तरी जाणारच. माणसाला कोंडायचं असेल तर याहून वेगळं काय करायचं असतं? माझं डोकं तडकलं, पण दुसऱ्याच्या घरात मी काय बोलणार.

निलेशने मुलुंडहून चेतना नावाच्या मुलीला बोलावलं. नोकरी बँकेत, नाद जुन्या सायकलींचा. चांगली पोर. आल्याबरोबर आधी परबांना नमस्कार केला. उजेड खिडकीशीच होता, म्हणून खाटेला लागून वर्तमानपत्र पसरलं, फ्रेम त्यावर आडवी ठेवली आणि आपली हत्यारं खाटेच्या कडेला मांडली. नळीची जाडी मोजली, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, जोडांवर बोट फिरवलं.

"काका, पोलाद एकदम भारी आहे. पातळ नळी, हाताने जोडलेली. युरोपातली असणार. पण जोडांवरून देशाचा अंदाज येतो, बनवणाऱ्याचा नाही."

मग तिने तळाकडचा रंग औषध लावून काढला. करडा गेला, खाली आणखी करडा, त्याच्याखाली निळा निघाला. आणि घासलेल्या जागेच्या अगदी कडेला एक अक्षर आणि दोन आकडे. कानस तिथवर पोचली नव्हती.

"हे मिळालं ना, बास," चेतना म्हणाली. "फोटो पाठवला की ओळखणारे लोक आहेत. हात धुऊन येते, हे औषध झोंबतंय."

ती मोरीत गेली. निलेश गॅलरीत कॅफेवाल्याला फोन लावत होता, वहिनी चहा गाळत होत्या. परबांनी डावा हात लांब केला, तिची लहान कानस उचलली आणि तळावर टेकवली. डाव्या हाताला सवय नव्हती, पहिल्यांदा घसरली. मग बसली. मी समोर स्टुलावर होते. थांबवलं नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी थांबवणार नाही.

चेतना परत आली तेव्हा तिथे नुसतं चकचकीत लोखंड होतं.

"बाबा, काय केलंत हे?" निलेश ओरडला.

"नाय," परब म्हणाले.

"वाट लावली सगळ्याची. आता जाऊ दे भंगारात." त्याने खाली फोन करून भंगारवाल्याला वर बोलावलं. हत्यारं गोळा करताना चेतनाने परबांच्या हातातली कानस मात्र ओढून घेतली नाही, त्यांनी दिली तेव्हा घेतली.

भंगारवाला आला. त्याने एका हाताने फ्रेम उचलली आणि हसला.

"मावशी, इसमें वजनच नाही. याचं काय देऊ? फुकट असेल तर नेतो."

परबांना हे आधीच ठाऊक होतं का? जन्म लोखंडात गेलेला माणूस, असेलही. मी शपथेवर सांगत नाही.

"घेऊन जा," निलेश म्हणाला.

"फुकट?" वहिनी चहाचं भांडं खाली ठेवून दारात आल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी रिकामी बाटलीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय दिलेली नाही. हीच बाई त्या फ्रेमला सवत म्हणायची, कधी एकदाची घरातून जाते म्हणायची. "फुकट कित्याक? ठेव ती खाली."

भंगारवाला गेला. निलेशही चहा न घेता गेला, आणि चेतना त्याच्या मागून. फ्रेम दारात पडली होती. वहिनींनी ती उचलायला कंबर कसली, दोन्ही हातांनी धरली, आणि जोर इतका लावला की ती एकदम खांद्यापर्यंत वर आली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ती कधी उचललीच नव्हती. परब कुणाला हात लावू देत नसत.

"हलकी आसा गो," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "काय एक वजन नाय."

फ्रेम खांद्याला लावून त्या दारात उभ्या राहिल्या. लिफ्टकडे पाहिलं. लिफ्ट येऊन उघडली होती, आत कुणी नव्हतं. खाटेवरून परब बघत होते आणि त्यांच्या तोंडून यावेळी 'नाय' निघालं नाही. लिफ्टचं दार आपोआप बंद झालं.

"उचललंय खरी, सुहासिनी," वहिनी म्हणाल्या. "पण आता हिका न्हेतलंय खंय?"