पडवीतून ऐकलेली मालिका

किन्हवलीच्या स्टँडवर आईने भाकऱ्यांचा डबा दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. मग मी तो उचलला. नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले होते आणि नेमकी त्याच दिवशी मी ‘बाहेरची’ होते. आमच्या घरी पाळीचे चार दिवस बाई-पोरीने पडवीत राहायचं, चुलीला, देवाला, माणसाला शिवायचं नाही. आईने मला जवळसुद्धा घेतलं नाही. “नीट ऱ्हा गो,” लांबूनच म्हणाली. एवढा राग आला होता मला!

पुढे नर्स झाले. वॉर्डात पोरींना ठासून सांगायची, पाळीत विटाळबिटाळ काही नसतं. आणि स्वतः? तारखा मोजून गावी जायची. घरी बोलायची हिंमत नाही आणि पडवीत बसायची इच्छा नाही. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायांनो, खरं सांगा, तुम्हीही हेच करता ना?

गेल्या वर्षी हिशेब चुकला. घरी पोचले त्याच दुपारी पाळी आली. निमूट पडवीत गोधडी टाकली. संध्याकाळी आत टीव्ही लागला. धाकटी बहीण कविता शाळकरी पोरापोरींची एक मालिका बघायची, तिच्या नादाने आईबाबाही बघत. खिडकीतून मला अर्धाच पडदा दिसत होता, ऐकू मात्र सगळं येत होतं. मालिकेत नववीतली एक मुलगी माझ्यासारखीच बाजूला बसलेली. वर्गातली पोरं-पोरी दप्तरं घेऊन आली आणि तिच्याच चटईवर बसली. तिच्या घरची मोठी माणसं ओरडायला लागली.

बाबा चुळबुळले. “बदल गो ते.”

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. बाबांचा शब्द तिने मोडलेला मी पहिल्यांदा ऐकला.

मालिकेतल्या मुलीने तिच्या आईला विचारलं, “तू अशी बसायचीस, तेव्हा तुला कसं वाटायचं?”

जरा वेळाने आमची आई उठून बाहेर आली आणि सरळ माझ्या गोधडीवर बसली. माझा हात धरला. मीच दचकून ओरडले, “आई, शिवू नको!” बघा, मी नर्स!

“चूप बस. मला कुनी इचारलंच नाय गो आजवर, कसं वाटायचं ते.” मग हळूच म्हणाली, “आनि आता माजं थांबलं पन.”

तीस वर्षं ही बाई दर महिन्याला इथे बसली होती.

“उठ, आत चल.”

“देवाचं काय?” आतून बाबांचा आवाज.

“देवाला मी सांगीन. तुमी सरका जरा, तिला बसू द्या.”

आणि बाबा सरकले! चौथी शिकलेली माझी आई. एका मालिकेतल्या पोरीने प्रश्न विचारला काय आणि ती एवढा जुना उंबरा ओलांडून गेली काय. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायांनी नाकं मुरडली, तिने ढुंकून पाहिलं नाही.

घर बदलणार नाही, असं धरून मी ते सोडलं होतं. आई तिथेच राहिली आणि बदलली. आता कुणी घर कुठे म्हणून विचारलं, तर मी गावाचं नाव सांगते. डोळ्यांपुढे मात्र त्या संध्याकाळची आई असते. चुलीपाशी बसवून मला वाढतेय आणि स्वतः रडतेय, कारण तिच्या वेळी तिला आत न्यायला कुणीच आलं नव्हतं.