रुमाल उचलला तरी

शनिवार पेठेत मी निवृत्त मंडळींना कॉम्प्युटर शिकवते. किस्से गोळा करावे लागत नाहीत, चपला काढून आपणहून वर्गात येतात!

पहिल्या बॅचला देवधर सर होते, निवृत्त मुख्याध्यापक. माऊसवर हात असा, जणू तो आता चावेल!

"सर, क्लिक करा."

"आणि बिघडलं तर?"

सगळा वर्ग श्वास रोखून. क्लिक! काहीच बिघडलं नाही. सरांनी घाम पुसला. "शिकवता बरं आपण. अर्थात, विद्यार्थीही हुशार आहे."

*

फाइल डिलीट करायची म्हटलं की वर्गाला धडकी भरायची. "कायमची गेली तर?"

मी कल्पनेतच एसटीत नेलं सगळ्यांना. "डिलीट म्हणजे सीटवरचा रुमाल उचलणं. माणूस लगेच जात नाही, बसलेलाच असतो. पण जागा रिकामी समजून दुसरा येऊन बसला, की पहिला कायमचा गेला."

"माणूस बसलेला असताना रुमाल कशाला?" देवधर सर. मी घाईघाईने पुढचा धडा काढला!

मागे त्यांच्या पत्नी मालतीबाई विणत बसायच्या, नुसत्या सोबतीला. त्यांनी मानही वर केली नाही.

*

पुढे मी आवाज रेकॉर्ड करायला शिकवलं. सरांनी घरी सराव केला. वर्षभरात सर गेले.

एके दुपारी मालतीबाईंचा फोन. "भाच्याने कॉम्प्युटर साफ केला. कचरापेटीसुद्धा. ह्यांचा आवाज होता त्यात. तेवढाच होता."

स्कूटर काढली.

बघते तर मालतीबाई विणायची सुई रोखून कॉम्प्युटरसमोर उभ्या! भाचा गयावया करत होता, "मामी, फाइल शोधायचं सॉफ्टवेअर टाकतो ना!"

"काही टाकायचं नाही. रुमाल उचललाय, पण माणूस बसलेला आहे. कुणाला चढू देणार नाही!"

शिकवल्याचं सार्थक झालं, खरं सांगते. भाच्याने ते टाकलं असतं, तर नेमकं सरांच्या जागेवर जाऊन बसलं असतं.

मी डिस्क काढून सोबत आणलेल्या माझ्या लॅपटॉपला जोडली. एकेक फाइल वर येऊ लागली. विजेची बिलं, लग्नाचे फोटो. सर नाहीत.

मग एक फाइल आली. स्पीकर लावला. आधी नुसती खरखर. आणि सरांचा आवाज:

"मालती, बघ गं, हे चालू झालंय का?"

मालतीबाईंनी सुई खाली ठेवली.

"झालंय हो," त्या म्हणाल्या. "बोला."