दुसरबीडचा पत्ता

मी विज्ञानकथा आणि भयकथा लिहिते. भूत कसं रचायचं, वाचकाच्या अंगावर काटा नेमका कुठे आणायचा, हा माझा रोजचा उद्योग... त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास बसणं जरा कठीणच. त्यात बाबा कट्टर आंबेडकरी. ‘पुरावा काय?’ हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटावरसुद्धा विचारला जायचा. आजही मी तोच विचारते. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्याच तोंडून घडलं.

नांदुऱ्याला स्टेशनजवळच्या एका वाचनालयात माझी कार्यशाळा होती. विषय – कथाबीज कुठून येतं? मी सांगितलं, ते येत नसतं, आणावं लागतं. साधी गोष्ट घ्या आणि ‘समजा’ म्हणा. एक कॉलेजकुमार म्हणाला, “मॅडम, आत्ताच करून दाखवा ना.”

बाहेर गाडी धडधडत गेली. म्हटलं, ठीक आहे. समजा, एक माणूस गाडीत बसला आणि मागे पडलेली गावं त्याच्या आठवणीतून पुसली गेली. पुढची तेवढी कळतात. माणूस कोण? शिंपी. डावखुरा. आणि शिवलेल्या प्रत्येक कपड्याला गळ्याच्या आतून एक लाल टाका घालतो, आपली खूण म्हणून.

मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, डोक्यावरून पदर घेतलेली.

“तो आता कुठी हाय?” तिने विचारलं.

मला वाटलं, खेळात भाग घेतेय. मी पटकन म्हणाले, “दुसरबीडला. स्टँडसमोर रसवंती आहे, तिच्या बाजूच्या टिनाच्या शेडमध्ये.”

ती खाली बसली. कार्यशाळा संपल्यावर माझ्याकडे आली, पदर बाजूला केला आणि ब्लाउजचा गळा उलटून दाखवला. आत लाल टाका होता.

तिचं नाव नंदाताई. नवरा शिंपी, डावखुरा. कापड आणायला म्हणून गाडीने अकोल्याला गेला, तो परतलाच नाही. त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पोलिसांत तक्रार होती, शोधून सगळे थकले होते.

मी स्पष्ट सांगितलं, “ताई, मी हे बनवलं हो. योगायोग आहे. दुसरबीड मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलंय, तिथे कधी उतरलेसुद्धा नाही. उगाच आशा लावून घेऊ नका.”

“बनवलं असन,” ती शांतपणे म्हणाली. “पन मले आजलोक कोनं पत्ताच देल्ला नव्हता.”

तिला एकटीला पाठवणं मला पटेना. रविवारी दोघी निघालो, खामगाव, मेहकर अशा बस बदलत. तिथे काही सापडणार नाही याची मला खात्री होती. तिला सावरायला कुणीतरी हवं, एवढ्यासाठीच मी गेले.

स्टँडसमोर रसवंती होती. बाजूला टिनाची शेड. आत एक माणूस डाव्या हाताने कापड कापत होता.

नंदाताई दारातच थांबली. त्याने वर पाहिलं. “बोला ताई, माप देता का?”

तिने पिशवीतून दुसरा ब्लाउज काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने गळा उलटला आणि बराच वेळ बोटाने तो टाका चाचपत राहिला.

“हा तं माह्या हातचा हाय. तुमी कुठल्या?”

“नांदुऱ्याची.”

“ते कुठी आलं?” त्याने खरंच विचारलं.

रसवंतीवाल्याकडून कळलं – हा कितीतरी वर्षांपूर्वी इथल्याच रस्त्यावर जखमी सापडला होता, डोक्याला मार होता. नाव-गाव गेलं, हातातली शिलाई तेवढी राहिली.

म्हणजे त्याचं जे झालं त्याला कारण आहे, डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. माझं जे झालं त्याचं काय? कुठेतरी ऐकलं असेल, पाहिलं असेल... सगळं तपासून पाहिलं मी. हाती काही लागलं नाही.

त्या लाल टाक्याच्या भरवशावर तो तिच्याबरोबर आला, आता नांदुऱ्यात आहे. नंदाताईला ओळखत नाही, पण तिच्या हातचं जेवतो, तिच्याशी बोलतो. परवा तिचा फोन आला.

“मॅडम, ते इचारत होते. म्हने, त्या बाईले माह्याबद्दल कोनं सांगतलं?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हनलं, तिलेबी मालूम नाही.”