चालू इंजिनात तेल बघणारे काका

माझे बाबा भित्रे होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फॅमिली ग्रुपवर सकाळपासून फुलं, दिवे आणि जोडलेल्या हातांचा नुसता चिखल झालाय. "किती शांत स्वभाव!" "कधी कुणाला दुखावलं नाही हो."

बरोबर आहे. दुखवायला तोंड उघडावं लागतं.

मी त्यांची एकुलती एक आणि तोंडाळ मुलगी. म्हणून आज मीच बोलते.

आमच्या नागरवाड्याच्या गल्लीत एक जुनी पांढरी गाडी उभी असते. बाबांनी शाळेत भूगोल शिकवून घेतलेली. पण रुबाब सगळा भाऊकाकांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा.

काकांनी अख्खी नोकरी रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर काढली. रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळी प्रतापनगरहून स्कूटरवर हजर. डिकीत ऑइलचा डबा. चहा नंतर, आधी बॉनेट.

"चाल दीकरा, सेल्फ मार!" म्हणजे पोरी, गाडी चालू कर, हा मला हुकूम.

रेल्वेच्या इंजिनाचं तेल म्हणे इंजिन चालू ठेवूनच बघतात. बघत असतील. आमच्या गाडीला काय सुरतेपर्यंत डबे ओढायचेत?

घरच्या गाडीचं तेल बघायचं ते इंजिन बंद करून, सपाटीवर, दहा मिनिटं थांबून. तेल खाली उतरू द्यायचं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. चित्रासकट.

पण पुस्तक उघडतील ते काका कसले!

चालू इंजिनात तेल वरती खेळत असतं, डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, काहीही दाखवते. काकांना नेहमी कमीच दिसायचं. काडी पुसणार, डोळ्यांशी नेणार आणि जाहीर करणार, "जो, बघ, मी नसतो तर बसलंच असतं इंजिन!" की ओतलं. एखाद्या दिवशी बरोबर दिसलंच तरी "आठवडाभराचं" म्हणून थोडं वरून.

गुजराती शेजारी ओट्यावरून म्हणायचे, "मास्तर, तमारा मोटाभाई तो एक्सपर्ट छे हं!"

एक्सपर्ट! डोंबल!

आणि बाबा? बाबा मान डोलवायचे. "हो दादा."

काका जेवून गेले की हेच बाबा मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी घेऊन खाली उतरायचे. डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून जास्तीचं सगळं तेल परत ओढून काढायचे.

दर रविवारी. चौदा वर्षं.

एकदा मी म्हटलं, "बाबा, लाज नाही वाटत? सरळ सांगा ना त्यांना."

"अगं, दादाला आता कोण काय विचारतं? आठवड्यातून एकदा उघडू दे त्याला बॉनेट."

लोक याला मोठं मन म्हणतात. मी शेपूट घालणं म्हणते.

मग बाबा आजारी पडले. वाकणं बंद झालं. काका गेल्यावर एका रविवारी मला हळूच म्हणाले, "आज तू काढशील का गं?"

"हा बावळटपणा मी नाही करणार. काकांना फोन करून सांगते."

"नको. त्याला नको सांगूस."

मी फोन केला नाही. तेलही काढलं नाही. फणकाऱ्याने आत निघून गेले. असे चार रविवार.

त्यानंतर मी बाबांना हॉस्पिटलला नेताना अकोट्याच्या पुलावर जास्तीचं तेल जळून गाडीच्या मागून निळा धूर निघाला. मग गचके. मग गाडी बंद. बाबांना धरधरून रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याने पाठीशी ठेवायला स्वतःचं जॅकेट दिलं.

त्यामुळे बाबा गेले असं मी म्हणत नाही. आजारच तसा होता. पण स्वतःच्या गाडीत ते परत बसले नाहीत.

आणि तेराव्याला काका काय म्हणाले? "पेट्रोलमध्ये भेळसेळ असते आजकाल. मी तर तेल बराबर ठेवलेलं."

मी भरल्या ताटावरून उठले.

आज वर्षश्राद्ध. आई स्वयंपाकात, भटजी यायचे होते. गाडी कालच दुरुस्त होऊन दारात उभी, तेव्हा काकांच्या हातात डबा असणारच!

"चाल दीकरा, सेल्फ मार."

"काका, तेल इंजिन बंद करून बघतात."

मग सगळंच सांगितलं. पुस्तक, सिरिंज, नळी, पूल. मोठ्याने. शेजारी ऐकत होते, ऐकू देत म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती मला.

काका बॉनेटला धरून उभे राहिले. मग म्हणाले,

"तो मला बोलला का नाही?"

चिडून नाही. अगदी बारीक आवाजात.

"मी ऐकलं असतं गं त्याचं. एवढा काही वाईट नाही मी."

चार रविवार मीसुद्धा कुठे बोलले होते?

बाबा, तुम्ही सख्ख्या भावाला चौदा वर्षं गल्लीसमोर येडं बनवलंत आणि ह्यालाच माया समजलात. एकदाही त्याला शहाणं व्हायची संधी दिली नाहीत. मला याचा फार राग आहे, आणि तुमची फार आठवण येते.

भटजी येऊन गेले. काका अजून खाली ओट्यावर बसलेत. जेवायला वर येत नाहीत.

मी पान वाढून खाली चाललेय. आजची श्रद्धांजली एवढीच, बाबा.