बघू, काळा जिंकतो की चिनी

फौजेत भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला ‘कालिया’ नाव पडलं आणि शेजारच्या खाटेवरच्याला ‘चिनी’. मी उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, उन्हात वाढलेला. तो मणिपूरच्या डोंगरातला. हिंदी माझ्यापेक्षा चांगलं बोलायचा, तरी सगळे त्याच्याशी हातवारे करून बोलायचे.

एका रविवारी दुपारी दोन सीनियर बराकीत आले. आम्हाला समोरासमोर उभं केलं.

“एकमेकांच्या थोबाडीत मारा. बघू, काळा जिंकतो की चिनी.”

बाकीचे खाटांवर बसून हसत होते. मी मारली. घाबरलो होतो म्हणून मारली, आणि आज हे लिहितानाही स्वतःची चीड येते. त्यानं हात उचलला नाही. “नहीं मारूँगा,” एवढंच म्हणाला. मग त्या दोघांनी त्याला बाहेर खडीवर कोपरांनी सरपटायला लावलं. हा थांबला की ओरडायचे, “चल, चीन अभी दूर है.”

दोन-तीन दिवसांत त्याची कोपरं सुजली, पू धरला. मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारल्यावर तो म्हणाला, “पडलो.”

“पडला नाही साहेब,” मी म्हटलं. “याला खडीवर सरपटवलं. आणि त्याआधी मी याला मारलं.”

चौकशी बसली. बराकीतल्या एकानंही काही पाहिलेलं नव्हतं! चौकशीचे साहेब मला म्हणाले, “थोडी मस्करी चालायचीच. त्यानंच जवान कणखर होतो.”

“मग सगळ्यांचीच करा ना साहेब. त्याच्याच डोळ्यांची का?”

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. त्या दोघांना दुसऱ्या कंपनीत हलवलं, विषय संपला. ट्रेनिंग संपेपर्यंत आमच्याशी कुणी धड बोललं नाही. शिक्षा आम्हालाच झाली म्हणायची.

रजा मिळाली तेव्हा मी त्याला घरी घेऊन आलो. आईनं त्याला बोंबलाचं कालवण वाढलं, बाबांनी गावभर ‘माजा दुसरा पोर हाय’ म्हणून मिरवलं. मला वाटलं, आपली माणसं वेगळी आहेत. मग मी त्याला हरिहरेश्वरला नेलं. तिथं खोली देणाऱ्या मालकानं माझं आधार कार्ड नुसतं चाळलं आणि त्याला म्हणाला, “पासपोर्ट?”

त्यानं शांतपणे फौजेचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मालक हसला आणि मला मराठीत म्हणाला, “काय ओ, आता चीनमधनं भरती करतात काय?”

माझा आवाज इतका चढला की आतली माणसं अंगणात आली. “हा तुमच्यासाठी बॉर्डरवर उभा राहणार, आणि तुम्ही याला पासपोर्ट मागता?” मित्र माझा दंड धरून ओढत होता. “जाने दे यार. रोज का है.” त्या ‘रोज का है’नं मी आणखी भडकलो. आम्ही बॅगा उचलल्या आणि तिथून निघालो.

घरी येऊन मी त्या जागेबद्दल इंटरनेटवर घडलं तसं लिहिलं. आठवड्यानं मालकाचा फोन आला. “गैरसमज झाला ओ. तेवढं काढून टाका, धंद्याचा प्रश्न हाय.”

“माझ्याशी काय बोलताय?” मी म्हटलं. “त्याचा नंबर देतो, त्याची माफी मागा. हिंदी येते त्याला.”

नंबर दिला. मालकानं त्याला अजून फोन केलेला नाही, आणि मी लिहिलेलं अजून तिथंच आहे.